द्वारकाची अकरा कार्डं

हुशार मुलं लक्षात राहतात, उनाड मुलं त्याहून जास्त लक्षात राहतात, आणि मधली सगळी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत जातात. अठ्ठावीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवल्यावर हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. द्वारका दुधाटे ही मधली होती. ती माझ्या लक्षात राहिली याचं कारण तिच्यात कमी आणि माझ्यात जास्त आहे. ते मी आता सांगणार आहे. वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ दे, मला त्याची सवय आहे.

आमचं कॉलेज वाघोलीला. मी नारायण पेठेतून रोज कॉलेजच्या बसने जाते. कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे चुका करायला आम्हाला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. द्वारका आमच्याकडे डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आली, तेव्हा वर्गातल्या मुलांपेक्षा ती दोनेक वर्षांनी मोठी होती. मूळची परभणीकडची. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं तिने सणसवाडीच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम केलं होतं. गाड्यांचे सुटे भाग पट्ट्यावरून यायचे, ते मोजून, उलटेपालटे करून बघायचे आणि बरोबर असेल तर हिरवा ठिपका चिकटवायचा. तिची मोठी बहीण रुपाली अजून तिथेच होती. दोघी मांजरी गावात एका खोलीत राहायच्या.

कारखाना सुटला तरी तिच्या हातातली तपासणी सुटली नव्हती. झेरॉक्सचे कागद दिले की आधी पानं मोजायची. नवीन खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायची. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तपासलेला पेपर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, बेरीज चुकलीय. तीन मार्क जास्तीचे आलेत."

अठ्ठावीस वर्षांत मार्क वाढवून घ्यायला शेकड्याने आले, कमी करून घ्यायला ही एकटी. दुसऱ्या एखाद्या बाईने पाठ थोपटली असती. मी लाल पेनने तीन मार्क कापले आणि म्हणाले, "बेरीज येते म्हणायची तुला." ती "हो मॅडम" म्हणाली आणि गेली. तिला टोमणा कळला नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता माझ्या पराक्रमाकडे वळते.

माझा मुलगा पुष्कर आयटीत आहे. गेल्या वर्षी दिवाळीत जेवताना मी नेहमीचं रडगाणं गात होते, की मुलांना गटात प्रोजेक्ट दिला की एक राबतो आणि चार जण त्याच्याखाली नावं लिहितात. पुष्कर म्हणाला, "आई, आमच्या पद्धतीने करून बघ ना." त्यांच्या कंपनीत मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे करतात. एक तुकडा म्हणजे एक कार्ड. भिंतीवर बोर्ड, त्यावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, त्याला ते स्प्रिंट म्हणतात. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी बोर्डापुढे उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. टप्पा संपला की बसून मोकळेपणाने बोलायचं, काय जमलं आणि काय बदलायला हवं.

"आणि साहेब काय करतो?" मी विचारलं.

"साहेब बोर्डाला हात लावत नाही. टीमचं काम टीमने करायचं. तू फक्त एक कर, 'झालं' म्हणजे काय ते आधी ठरव. नाहीतर पहिल्याच दिवशी सगळं झालेलं असतं."

मला हे फार आवडलं. जानेवारीत शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी बोर्ड लावले. बोर्डाच्या डोक्यावर लाल खडूने माझ्या वळणदार अक्षरात नियम लिहिला: काम करणाऱ्याने स्वतःचं कार्ड 'झालं'मध्ये न्यायचं नाही. टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी ते चालवून बघायचं, कोपऱ्यात सही करायची, मगच कार्ड हलेल. पन्नास मार्क या बोर्डाचे, पास व्हायला त्यात वीस हवेत. आणि शिक्षक बोर्डाला हात लावणार नाहीत. विभागप्रमुख यज्ञेश्वर सर येऊन बघून गेले. "वासंतीबाई, यावर पेपर लिहा," म्हणाले. जूनमध्ये एक मोठी शिक्षण परिषद होती. मी त्याच आठवड्यात लिहायला घेतलं.

द्वारकाच्या टीमला रक्तपेढीचं काम आलं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, कुणाला दिल्या, कुठल्या मुदतीबाहेर गेल्या, याची नोंद ठेवणारी संगणकप्रणाली. टीम पाच जणांची. तोंडाळ म्हणून नव्हे पण बोलकी म्हणून स्पृहा पुढे. तिच्या मागे शेपटासारखा आनंद नावाचा मुलगा. उरलेले दोघे आनंदच्या मागे. आणि द्वारका.

सकाळच्या उभ्या सभेत स्पृहा असं बोलायची की वाटावं रक्तपेढी उद्या सुरू होणार. आनंद म्हणायचा, "सेम ॲज येस्टरडे, मॅम," आणि सगळे हसायचे. द्वारका कडेला उभी. तिची पाळी आली की एकच वाक्य.

"माझं करून ठेवलंय. तपासायचं राहिलंय."

तिसऱ्या आठवड्यात मी म्हणाले, "द्वारका, रोज तेच पाढे किती दिवस म्हणणार?" वर्ग हसला. मला वर्ग हसवता येतो याचा मला अभिमान आहे. खरं तर होता असं लिहायला हवं, पण अजून आहे.

भानगड दुसऱ्या टप्प्यात झाली. उपलब्ध पिशव्यांची यादी दाखवायचं कार्ड स्पृहाचं होतं. आनंदने सही केली होती आणि कार्ड 'झालं'मध्ये गेलं होतं. द्वारकाचं काम त्या यादीवर अवलंबून, म्हणून तिने ती चालवून बघितली. मुदत संपलेल्या पिशव्यासुद्धा यादी शिल्लक म्हणून मोजत होती. द्वारकाने काय करावं? स्पृहाला बाजूला घेऊन गोड बोलावं, जगात तसंच चालतं. हिने कार्ड उचललं, परत 'चालू आहे'मध्ये लावलं आणि खाली लिहिलं: मुदतबाह्य माल पास झाला आहे.

स्पृहा स्टाफरूममध्ये डोळे पुसत आली. "मॅम, शी इज सो रूड! सगळ्यांसमोर माझं कार्ड मागे केलं. मला आधी सांगायचं ना. आम्ही काय मुद्दाम केलं का?"

"ते तुम्ही टीममध्ये सोडवा," मी म्हणाले. "मी हात लावणार नाही."

किती सोयीचं वाक्य आहे हे. माझ्या आयुष्यात इतकं सोयीचं वाक्य मला दुसरं मिळालं नाही.

त्या शुक्रवारी टप्पा संपल्याची बैठक होती. पद्धत अशी की प्रत्येकाने दुसऱ्याविषयी चिठ्ठी लिहायची, नाव न घालता, आणि मी त्या वाचून दाखवायच्या. मोकळेपणा यावा म्हणून. द्वारकाच्या वाट्याला चार चिठ्ठ्या आल्या. 'स्लो आहे.' 'टीम स्पिरिट झीरो.' 'कॉलेज आहे हे कुणीतरी सांगा, फॅक्टरी नाही.' चौथीवर अक्षर नव्हतं, वेणी घातलेल्या बाईचं चित्र होतं आणि तिच्या कपाळावर हिरवा ठिपका काढला होता. मी तीन वाचल्या आणि चौथी उंच धरून दाखवली. मोकळेपणा भरपूर आला. मागची बाकंसुद्धा हसत होती.

"तुला काही म्हणायचंय?" मी द्वारकाला विचारलं.

"मी चालवून बघितलं, मॅडम. ते चुकलंवतं."

"चुकलं होतं," मी म्हणाले.

"चुकलं होतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या टीमने तिच्या कार्डांना हात लावणं सोडलं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. कार्ड तपासायला कुणी घेतलंच नाही. बाकी चौघांचं आपसात झकास चालू होतं. एकदा मी चहाला कँटीनमध्ये गेले तर आनंद एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हाताने सह्या करत होता. पुढ्यात आठ-नऊ कार्डं, संगणक कुठेही नाही. त्याने मला पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मी चहा घेतला आणि परत आले. बोर्डाला हात लावायचा नाही हे मी ठरवलं होतं, आणि कँटीन तर बोर्डापासून दोन मजले लांब होतं.

फेब्रुवारीत खराडीची एक कंपनी मुलं निवडायला आली. त्यांनी मुद्दाम चुका घातलेला एक प्रोग्राम दिला आणि चुका शोधायला सांगितल्या. सात चुका होत्या. द्वारकाने नऊ शोधल्या. जास्तीच्या दोन त्यांच्याच निघाल्या. त्यांनी तिला त्याच दिवशी घेतलं. स्पृहाचं नाव प्रतीक्षायादीत राहिलं. पत्र आलं त्यात एकच अट होती: मेच्या निकालात सगळ्या विषयांत पास.

ते पत्र दाखवायला ती माझ्याकडे आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. अभिनंदन म्हटल्यावर नेहमीसारखी निघून गेली नाही, उभी राहिली.

"ताई आता काम सोडनार, मॅडम. तिला नर्सिंगला जायचंय. बारावीलाच जायचं होतं, पण आधी मला शिकवलं तिनं. यंदाच्या जूनला नाव न्हाई घातलं तर तिचं वय बसत न्हाई."

म्हणजे त्या एका पत्रावर दोघींचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. हे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तिने ठेवली नाही.

मार्चमध्ये ती पुन्हा आली. तेव्हा तिची अकराच्या अकरा कार्डं 'चालू आहे'मध्ये होती आणि कडा वळायला लागल्या होत्या.

"मॅडम, माझी कार्डं कुणी तपासून देत न्हाई. तुम्ही सांगा ना त्यांना."

"नियम काय आहे?"

"टीमनं सोडवायचं."

"मग?"

मला तासाला उशीर होत होता. मी म्हणाले, "तू त्यांची काही कार्डं सही करून टाक. मग ते तुझी करतील. जगात असंच चालतं, द्वारका."

"न बघता?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कारखान्यात एखादा भाग हातात घेऊन त्याला तडा कुठे आहे ते शोधावं, तसं बघितलं. मग "बरं मॅडम" म्हणाली. तिने सही केली नाही. स्वतःची कार्डं उचलून 'झालं'मध्ये लावली असती तरी कुणी बघणारं नव्हतं. अर्ध्या वर्गाने तेच केलं होतं. सबंध वर्गात माझा लाल खडूतला नियम अक्षरशः पाळणारी ती एकटी निघाली, आणि मी तिलाच मठ्ठ समजत होते.

एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक आले. सादरीकरण स्पृहाने केलं, उत्तम केलं. परीक्षक जुन्या वळणाचे होते. त्यांनी मध्येच थांबवून सांगितलं, "एक मुदत संपलेली पिशवी घालून बघा." आनंदचा चेहरा पडला. पिशवी घातली, आणि प्रणालीने ती नाकारली, लाल अक्षरात कारणासकट. मग त्यांनी एकच पिशवी दोघांना द्यायला सांगितलं. तेही नाकारलं.

"वा! हे कुणाचं काम?"

"टीम एफर्ट, सर," स्पृहा म्हणाली.

द्वारका भिंतीशी उभी होती. तिने परीक्षकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं. ते दोन्ही तुकडे तिचे होते. 'चालू आहे'मध्ये अडकलेल्या तिच्या अकरा कार्डांतलं काम टीमने गुपचूप उचलून आत बसवलं होतं, कारण त्याच्याशिवाय रक्तपेढी उभीच राहत नव्हती. काम 'झालं' होतं, कार्ड झालं नव्हतं.

मार्क भरायची मुदत एका शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. दुपारी तीन वाजता मी प्रयोगशाळेत एकटी बसले आणि संगणकावर द्वारकाचं खातं उघडलं. का उघडलं ते मलाही सांगता येणार नाही. बहुधा काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून. चार-पाच ठिकाणी जरी चुकलेलं निघालं असतं तरी मी सुखाने घरी गेले असते. मी एकेक करून अकराही तुकडे चालवले. उलटसुलट माहिती घातली, रकाने रिकामे ठेवले, तारखा उलट्या दिल्या. एकही चूक निघाली नाही. इतकं नीट केलेलं विद्यार्थ्याचं काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

साडेचार वाजले होते. अकरा कार्डांवर सही करायला मला दोन मिनिटं लागली असती. पर्समध्ये माझ्या पेपरची प्रत होती. त्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य मला पाठ होतं: संपूर्ण सत्रात शिक्षिकेने बोर्डावर एकदाही हस्तक्षेप केला नाही. सही केली की ते वाक्य खोटं. मग प्रश्न येणार, की बाकीच्या कार्डांवरच्या सह्या तरी खऱ्या का? मग कँटीन, मग वडापाव, मग सगळंच. दारातून यज्ञेश्वर सर डोकावले. "काय, पेपर गेला का?"

"आजच पाठवते," मी म्हणाले.

द्वारका दुधाटेच्या नावापुढे मी नऊ घातले. तेही हजेरीचे. स्पृहाला सेहेचाळीस. मला लाज वाटली, हे मी मान्य करते. पण मला लाज वाटली की राग येतो, आणि तो मी ज्याच्यामुळे वाटली त्याच्यावर काढते, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःशी म्हणत होते, इतकी हुशार होती तर चार माणसं सांभाळता आली नाहीत का हिला? नोकरीत काय बोर्ड लावून देणार आहे कुणी?

निकालाच्या तिसऱ्या दिवशी रुपाली स्टाफरूममध्ये आली. पहिली पाळी संपवून तशीच आली असावी, कपाळावर टोपीचा वळ होता. मागे द्वारका. मी बसायला सांगितलं नाही.

"तिनं तुमचं काय वाकडं केलं, बाई?" रुपाली म्हणाली.

"माझं कुणी काही वाकडं केलेलं नाही. बोर्डावर जे असतं त्याचे मार्क मिळतात. तिचं एकही काम पूर्ण नाही."

"चार महिने ती सुट्टीच्या दिवशी बी तेच करत बसायची. मी बघितलंय डोळ्यानं."

"तुम्हाला संगणकातलं कळतं का?"

"न्हाई."

"मग काय बघितलंत?"

बाकीच्या टेबलांवरची मंडळी पेपर तपासत असल्यासारखं करत ऐकत होती. रुपाली गडबडली नाही. "संगणकातलं न्हाई कळत," ती म्हणाली, "पण आमच्याकडं एक नग जरी टेबलावर अडकला ना, तर सुपरवायझर येऊन विचारतोय का अडकला म्हणून. हिचे अकरा अडकले. तुम्ही एकदा तरी विचारलं का?"

"कारखाना आणि कॉलेज यांत फरक असतो."

"हाय ना," रुपाली म्हणाली. "तो मला आज कळला."

द्वारकाने तिचा दंड धरला. "ताई, चल. मॅडमना तास असंल." मला तास नव्हता. त्या गेल्यावर मी शेजारच्या बाईंना म्हणाले, "आजकाल पालकसभाही शिफ्ट संपल्यावर भरते," आणि शेजारच्या बाई हसल्या.

कंपनीचं पत्र आठवड्याभरात रद्द झालं. जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी प्रतीक्षायादीतल्या नावांबद्दल कॉलेजचं मत मागवलं. यज्ञेश्वर सरांनी मला विचारलं. मी स्पृहाचं नाव दिलं, बोर्डावर तिचेच मार्क सगळ्यात जास्त होते. जूनमध्ये माझा पेपर वाचून झाला. टाळ्या चांगल्या पडल्या. त्याच महिन्यात नर्सिंगचे प्रवेश झाले आणि रुपालीचं वय निघून गेलं. द्वारका सणसवाडीला परत गेली, त्याच तपासणीच्या टेबलावर, रुपालीच्या शेजारी.

ऑगस्टमध्ये स्पृहा पेढे घेऊन आली. कंपनीत नव्या मुलांना आपापला कॉलेजचा प्रोजेक्ट साहेबांना समजावून सांगायला लावलं होतं. "मॅम, मला तर काहीच आठवेना! म्हणजे ते एक्स्पायरीवालं कसं केलंय, काहीच नाही. मग मी द्वारकाला फोन केला. वीकली ऑफ होता तिचा त्या दिवशी. दोन तास सांगत होती, मॅम, सगळं तोंडपाठ! शी इज सो स्वीट. साहेब एवढे खूश झाले." मी पेढा खाल्ला. चांगला होता.

नोव्हेंबरच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म घेऊन द्वारका आली, तो फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. फॉर्मवर विषयशिक्षकाची सही लागते. ती थोडी वाळली होती, बाकी तशीच. फॉर्मचं प्रत्येक पान तिने माझ्यासमोर सरळ करून ठेवलं. मला राहवलं नाही.

"स्पृहाला तू शिकवलंस म्हणे. तुझ्याच जागेवर गेली ती. कळतंय का तुला?"

"ठाऊक हाय, मॅडम."

"मग?"

"तिनं विचारलं. आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, ते कसं केलंय म्हणून."

मी पेनाचं टोपण काढलं. ती अजून काही बोलायचं असल्यासारखी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडम, एक विचारू का? कॉलेजनं माझं खातं बंद केलंय, मला आता बघता येत न्हाई. डेमोत माझे दोनच तुकडे चालवले. बाकीचे नऊ कुणी बघितलेच न्हाईत. आपलं काम आपल्याला बरोबरच दिसतंय, त्याला काय अर्थ न्हाई. मला वाटतंय, कुठंतरी चुकलंच असंल. न्हाईतर तुम्ही नापास कशाला केलं असतं?" ती थांबली. "चुकलं असलं तर मार्क बरोबर हायेत. ताईला तसं सांगते मी. ती अजून तुमच्यावर राग धरून हाय. ते बरं न्हाई."

खोलीत आम्ही दोघीच होतो. अकराही तुकडे मी या हातांनी चालवले होते, आणि ते मी सोडून जगात कुणाला माहीत नव्हतं. एक शब्द पुरेसा होता. हातातलं पेन मी फॉर्मवर टेकवलं आणि सही केली.

"फॉर्म तीन नंबरच्या खिडकीत द्यायचा," मी म्हणाले. "आणि या वेळी टीमबरोबर नीट जमवून घे."

"हो मॅडम," ती म्हणाली, आणि दार हळूच लावून घेऊन गेली.